संगणकावरचा कर आणि बिलावरचा पत्ता

(उंब्रज येथे व्यापारी, शिक्षक व विद्यार्थी यांच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय दिसायला लहान आहे. उंब्रजचा एक विद्यार्थी लॅपटॉप विकत घेतो. तो येथल्या किंवा कराडच्या दुकानातून घेईल, मोबाइलवर बोट फिरवून बंगळुरूच्या गोदामातून मागवील, किंवा काही कामासाठी बेळगावला गेला असता तेथल्या दुकानातून घेऊन येईल. या तिन्ही प्रकारांत करापोटी तो किती रुपये देतो, ते कोणत्या सरकारच्या तिजोरीत जातात आणि त्यांतले त्याच्या वाट्याला परत काय येते, एवढाच प्रश्न मी आज तुमच्यापुढे मांडणार आहे. परंतु या लहानशा प्रश्नाच्या पोटात राज्यांचे अधिकार, लहान व्यापाऱ्याचे भवितव्य आणि करभाराची न्याय्य वाटणी हे तिन्ही मोठे प्रश्न दडलेले आहेत. शेवटच्या प्रश्नाशी आपला पक्ष आणि आपली चळवळ यांचे नाते जुने आहे.

प्रथम आजचा दर सांगतो, म्हणजे गैरसमज राहणार नाहीत. १ जुलै २०१७ रोजी देशात वस्तू व सेवा कर, म्हणजे आपल्या बोलण्यातला जीएसटी, सुरू झाला. लॅपटॉपवर तेव्हापासून १८ टक्के कर आहे. तो महाराष्ट्रात, कर्नाटकात आणि गोव्यात सारखाच आहे. दुकानात आणि ऑनलाइन खरेदीतही सारखाच आहे. कर वगळून ४०,००० रुपये किंमत असलेल्या लॅपटॉपवर ७,२०० रुपये कर बसतो आणि ग्राहकाच्या खिशातून ४७,२०० रुपये जातात. माझ्या पुढच्या विवेचनात हेच उदाहरण येईल, तेव्हा हे आकडे ध्यानात ठेवावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून या कराच्या दरांची मोठी फेररचना झाली. वह्या आणि पेन्सिली करमुक्त झाल्या, हे स्वागतार्हच आहे. वातानुकूलन यंत्र २८ टक्क्यांवरून १८ वर आले. अभ्यासाचा लॅपटॉप मात्र होता तेथेच राहिला. ज्यांच्या घरी वातानुकूलन यंत्र आहे त्यांना दिलासा मिळाला आणि ज्यांच्या घरी पहिला संगणक यायचा आहे त्यांना तो मिळाला नाही, ही नोंद तूर्त एवढीच करून पुढे जातो.

दर सारखा झाला म्हणजे भांडण मिटले, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः दराचे भांडण हे या प्रकरणातले धाकटे भांडण आहे. थोरले भांडण निराळे आहे. वस्तू जेथे तयार होते किंवा जेथून निघते त्या राज्याने कर घ्यावा, की ती जेथे वापरली जाते त्या राज्याने घ्यावा? हा वाद संगणकाच्याही आधीचा, आपल्या प्रजासत्ताकाइतका जुना आहे; आणि त्याच्या आरंभी उभे आहे ते आपलेच जुने मुंबई राज्य, ज्यात तेव्हा सातारा जिल्हा होता.

१९५० सालच्या मूळ राज्यघटनेत विक्रीकराचा अधिकार राज्यांकडे होता. आंतरराज्य व्यापाराविषयी २८६ व्या अनुच्छेदाला एक स्पष्टीकरण जोडलेले होते. त्याचा आशय असा की, ज्या राज्यात वापरासाठी माल प्रत्यक्ष पोचता होतो त्या राज्यात विक्री झाली असे मानावे. मुंबई राज्याच्या १९५२ च्या विक्रीकर कायद्यावरून युनायटेड मोटर्सचा खटला उभा राहिला. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, माल पोचणाऱ्या राज्याला परराज्यातील विक्रेत्याकडूनही कर घेता येईल. झाले, एका राज्यातल्या व्यापाऱ्याला अनेक राज्यांच्या नोटिसा येऊ लागल्या आणि प्रत्येक ठिकाणी हिशेब दाखवायचा कोणी, असा आकांत झाला. दोनच वर्षांनी, १९५५ साली, बेंगॉल इम्युनिटी खटल्यात त्याच न्यायालयाने आपला आधीचा निर्णय फिरवला. जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखालील करचौकशी आयोगाने आंतरराज्य विक्रीचा विषय केंद्राच्या कायद्याखाली आणावा, अशी शिफारस केलेलीच होती. त्यातून १९५६ ची सहावी घटनादुरुस्ती आली आणि केंद्रीय विक्रीकर कायदा आला. मूळ घटनेतले ते स्पष्टीकरण गळून पडले.

या नव्या कायद्याची व्यवस्था नीट समजून घेण्यासारखी आहे. कर केंद्राच्या नावाचा, परंतु वसूल करायचा आणि ठेवून घ्यायचा माल पाठवणाऱ्या राज्याने. आरंभी दर एक टक्का होता. १९७५ साली तो चार टक्के झाला. म्हणजे ज्या राज्यात कारखाने त्या राज्याने आपल्या सीमेबाहेरच्या ग्राहकाकडूनही कर घ्यावा, आणि ज्या राज्यात केवळ ग्राहक त्याने हात चोळीत बसावे. महाराष्ट्राला ही व्यवस्था लाभाची होती, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. मुंबई, ठाणे, पुण्याच्या कारखान्यांतून बिहार-ओरिसात गेलेल्या मालावरचा कर दशकानुदशके आपल्या तिजोरीत पडत होता. मागासलेल्या राज्यांच्या दारिद्र्यावर आपण परिसंवाद घेत होतो आणि त्यांच्या ग्राहकाचा पैसाही घेत होतो.

दरांच्या भिन्नतेने दुसरा एक अनर्थ ओढवला. कारखाने आपल्याकडे यावेत म्हणून राज्ये विक्रीकर माफ करण्याच्या स्पर्धेत उतरली. संगणकाच्या धंद्यात हे ठळकपणे दिसले. झेनिथ ही मुंबईची कंपनी, तिचा संगणक जुळवण्याचा कारखाना गोव्यात. एचसीएलचा कारखाना पुदुच्चेरीत. करसवलत हे त्यामागचे एकमेव कारण असेल असे मी म्हणणार नाही, परंतु संगणकांची मोठी बाजारपेठ जेथे नाही अशा लहान प्रदेशांत हे कारखाने केवळ समुद्राची हवा खायला गेले नव्हते. आपल्या महाराष्ट्रानेही १९६४ पासून उद्योगांना प्रोत्साहनाच्या योजना आखल्या आणि विक्रीकरातील माफी हे त्यांचे पुढे मुख्य साधन बनले. अखेर नोव्हेंबर १९९९ मध्ये मुख्यमंत्री व अर्थमंत्री यांच्या परिषदेत राज्यांनी किमान समान दर ठरवले आणि १ जानेवारी २००० पासून ते लागू करण्याचे मान्य केले. ग्राहकाच्या माथी आणखी जकात होती. उंब्रज ही ग्रामपंचायत, तेव्हा येथे नाका नव्हता. पण नगरपालिकांच्या हद्दीत १९९९ पर्यंत, महानगरपालिकांच्या हद्दीत त्यानंतरही, आणि मुंबईत तर थेट २०१७ पर्यंत नाक्यावर वाहने ताटकळत असत. तिचा शोक कोणी करू नये.

१ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, आला. राज्यांची मोट बांधणाऱ्या समितीचे अध्यक्ष पश्चिम बंगालचे अर्थमंत्री असीम दासगुप्ता होते. मार्क्सवादी पक्षाच्या एका अर्थशास्त्रज्ञाने ही बाजारसुधारणा तडीस नेली, याची गंमत आमच्या पिढीच्या प्राध्यापकांना पुष्कळ दिवस वाटत असे. संगणकावर आरंभी चार टक्के व पुढे २०१० पासून पाच टक्के कर होता. अबकारी कर निराळा असे आणि तो किमतीत लपलेला असे, त्यामुळे तेव्हाचे पाच आणि आजचे अठरा यांची सरळ तुलना करणे शहाणपणाचे नाही.

याच सुमारास ऑनलाइन व्यापार आला. फ्लिपकार्ट २००७ साली बंगळुरूत पुस्तके विकू लागली. पाहता पाहता मोबाइल आणि लॅपटॉपही घरपोच येऊ लागले. आता पाहा काय झाले. १९५६ च्या कायद्याखाली आंतरराज्य विक्रीत नोंदणीकृत व्यापाऱ्याला ‘सी’ फॉर्मवर सवलतीचा दर मिळे. सामान्य ग्राहकाला, २००७ च्या दुरुस्तीनंतर, विक्रेत्याच्या राज्यातला दर लागे. उंब्रजच्या ग्राहकाने बंगळुरूच्या गोदामातून ४०,००० रुपयांचा लॅपटॉप मागवला, तर पाच टक्क्यांनी त्याचे २,००० रुपये कर्नाटकात गेले आणि महाराष्ट्राला छदामही मिळाला नाही. हाच ग्राहक कराडच्या दुकानात गेला असता तर ते दोन हजार महाराष्ट्राला मिळाले असते. कारखान्यांच्या जोरावर जी व्यवस्था आपण इतकी वर्षे उपभोगली, ती गोदामांच्या युगात आपल्यावरच उलटू लागली.

ग्राहकांचे राज्य असलेल्या केरळने प्रथम दंड थोपटले. आमच्या राज्यात माल पोचतो, तेव्हा विक्री आमच्याच राज्यात झाली, असे म्हणून तेथील विक्रीकर खात्याने ऑनलाइन कंपन्यांवर कोट्यवधींचा दंड बसवला. २०१५ साली केरळ उच्च न्यायालयाने तो रद्द केला. ही आंतरराज्य विक्री आहे, तिच्यावर राज्याला कर लावता येणार नाही, असा निर्णय झाला. १९५३ साली जो युक्तिवाद मुंबई राज्याने जिंकला होता तोच साठ वर्षांनी केरळने हरला, कारण मधल्या काळात घटनेतले ते स्पष्टीकरण नाहीसे झाले होते. उत्तराखंड, गुजरात आदी राज्यांनी मग ऑनलाइन मालावर प्रवेशकर बसवला. म्हणजे गावाची जकात राज्याच्या वेशीवर येऊन बसली.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. आपल्या सातारा-सांगलीची किती तरी मुले अमेरिकेत न्यू जर्सीत आहेत. तेथे विक्रीकर ६.६२५ टक्के आहे आणि शेजारच्या डेलावेअर राज्यात तो मुळीच नाही. हजार डॉलरचा लॅपटॉप नदीपलीकडे जाऊन घेतला की ६६ डॉलर वाचल्यासारखे वाटतात. कायद्याने मात्र घरी परतल्यावर तेवढाच ‘वापरकर’ आपण होऊन भरायचा असतो, आणि तो फारसे कोणी भरत नाही. टपालाने माल पाठवणाऱ्या कंपनीचे ज्या राज्यात दुकान वा कचेरी नाही त्या राज्याला ती कंपनी कर गोळा करून देण्यास बांधील नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला होता आणि १९९२ साली क्विल या कंपनीच्या खटल्यात तो कायम केला. त्या आडोशाला राहून टपालाने व पुढे इंटरनेटवरून माल विकणाऱ्यांचा व्यापार पंचवीस वर्षे फोफावला. अखेर जून २०१८ मध्ये साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी तो निर्णय उलटला. त्या खटल्यातील प्रतिवादींत संगणकाचे सुटे भाग विकणारी न्यूएग ही कंपनी होती. आणि मौज अशी की, दावा करणाऱ्या साउथ डकोटातच एके काळी गेटवे ही कंपनी होती, जी दूरध्वनीवर मागणी घेऊन देशभर संगणक धाडत असे. माल धाडायचा असतो तेव्हा एक न्याय आणि घ्यायचा असतो तेव्हा दुसरा, हे राज्यांचे वर्तन भूगोल बदलला म्हणून बदलत नाही.

भारताने हा तिढा घटनादुरुस्तीने सोडवला. २०१६ च्या १०१ व्या दुरुस्तीने जो कर आला तो वापराच्या ठिकाणचा कर आहे. मूळ घटनेतला विचार साठ वर्षांनी परत आला. महाराष्ट्र, तामिळनाडू यांसारख्या उत्पादक राज्यांचे नुकसान भरून काढण्यासाठी आंतरराज्य मालावर एक टक्का जादा कराची तरतूद विधेयकात आधी होती, ती २०१६ साली वगळण्यात आली. त्याऐवजी राज्यांना पाच वर्षे, १४ टक्के वार्षिक वाढ गृहीत धरून, भरपाई देण्याचे ठरले. ती मुदत ३० जून २०२२ रोजी संपली. यापुढे महाराष्ट्राला या करातून मिळेल ते महाराष्ट्रात झालेल्या वापरातून.

आता आपला लॅपटॉप पुन्हा हाती घेऊ. तो उंब्रजच्या दुकानात घेतला, तर ७,२०० पैकी ३,६०० केंद्राचे आणि ३,६०० महाराष्ट्राचे. बंगळुरूहून मागवला, तर सगळे ७,२०० रुपये एकात्मिक कर म्हणून आधी केंद्राकडे जातात आणि मग त्यांतला राज्याचा अर्धा वाटा माल पोचलेल्या राज्याला, म्हणजे महाराष्ट्रालाच, मिळतो. कर्नाटकाला काही नाही. केंद्राच्या वाट्याचेही पुढे वाटप होते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्रीय करांतील ४१ टक्के वाटा राज्यांना दिला आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के, तर बिहारचा १०.०५८ टक्के ठरवला. त्या मापाने, ढोबळ हिशेब केला, तर उंब्रजच्या एका लॅपटॉपवरील केंद्राच्या ३,६०० रुपयांपैकी महाराष्ट्राला सुमारे ९३ आणि बिहारला सुमारे १४८ रुपये जातात. आपल्याकडचे काही पुढारी असे आकडे दाखवून लोकांना चिथावतात. मला यात तक्रारीचे कारण दिसत नाही. ज्या बिहारने इतकी वर्षे आपल्या कारखान्यांच्या मालावरचा कर मुकाट्याने सोसला, त्याला लॅपटॉपमागे दीडशे रुपये जात असतील तर जाऊ द्यावेत.

उरला बेळगावच्या दुकानाचा प्रश्न. येथे एक बारीक पण महत्त्वाची तरतूद आहे आणि ती व्यापाऱ्यांनाही सर्वत्र माहीत नाही. आरंभी नियम असा समजला जाई की, दुकानात उभे राहून वस्तू हाती घेतली की तिचा पुरवठा तेथेच झाला, कर कर्नाटकाचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यात बदल झाला. ज्याच्याकडे जीएसटी क्रमांक नाही अशा ग्राहकाच्या बाबतीत बिलावर जो पत्ता नोंदवला असेल त्या राज्यात पुरवठा झाला असे मानायचे. पत्ता नोंदवलेला नसेल, तर विक्रेत्याच्या राज्यात. नुसते राज्याचे नाव लिहिले तरी पत्ता नोंदवल्यासारखे धरले जाते. म्हणजे बेळगावच्या दुकानात लॅपटॉप घेताना बिलावर ‘महाराष्ट्र’ एवढा एक शब्द लिहून घेतला, तर ३,६०० रुपये महाराष्ट्राला येतात. न घेतला, तर कर्नाटकात राहतात. ग्राहकाला एक पैसाही जास्त पडत नाही. पन्नास हजार वा त्याहून अधिक किमतीच्या मालावर पत्ता लिहिणे दुकानदाराला बंधनकारक आहे. त्याखालच्या मालावर मात्र ग्राहकाने मागितला तरच तो लिहिला जातो, आणि विद्यार्थ्यांचे बहुतेक लॅपटॉप त्याखालीच असतात. ऑनलाइन खरेदीत प्रश्न आला होता की, बिलाचा पत्ता एक आणि माल पोचवण्याचा दुसरा असेल तर काय? जून २०२४ च्या परिपत्रकाने खुलासा झाला की, माल जेथे पोचवायचा तो पत्ता धरायचा. बंगळुरूत नोकरी करणाऱ्या मुलाने उंब्रजच्या बहिणीसाठी लॅपटॉप धाडला, तर राज्याचा कर तिच्या राज्याचा.

आता समोर बसलेल्या व्यापारी बंधूंशी थोडे स्पष्ट बोलतो. ऑनलाइनवाले कर चुकवतात म्हणून स्वस्त विकतात, असे तुमच्यापैकी अनेकजण मला म्हणाले. हे आज खरे नाही. त्यांच्या मंचावर विकणाऱ्याच्या प्रत्येक करपात्र विक्रीतून मंचचालकाला ठरावीक रक्कम कापून सरकारात भरावी लागते. १ ऑक्टोबर २०१८ पासून ती एक टक्का होती, १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे. त्यामुळे त्यांची विक्री सरकारला रुपयान् रुपया दिसते. आपल्या बाजारात मात्र ‘बिल पाहिजे की बिगर बिलाचे?’ हा प्रश्न संगणक जुळवून देणाऱ्या दुकानांत मला स्वतःला एकाहून अधिक वेळा विचारला गेला आहे. बिगर बिलाच्या संगणकात ग्राहकाची हमी जाते आणि राज्याचा कर जातो, आणि हे पाप ऑनलाइन कंपनीच्या माथी मारता येत नाही.

तुमचे खरे दुःख निराळे आहे आणि त्यात मी तुमच्या बाजूचा आहे. त्यांच्या पाठीशी असे भांडवल आहे की, जे वर्षानुवर्षे तोटा सोसून गिऱ्हाईक बांधू शकते. परकीय भांडवल असलेल्या मंचांनी किमतींवर प्रभाव टाकू नये, असे केंद्राचे नियम आहेत. डिसेंबर २०१८ च्या सूचनेने ते अधिक कडक झाले आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आले. त्यांची अंमलबजावणी हा तुमच्या लढ्याचा विषय आहे. शिवाय करकायद्याची बांधणीही लहानाला प्रतिकूल आहे. दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्या व्यापाऱ्याला आपसमेळ योजनेत उलाढालीवर एक टक्का भरून मोकळे होता येते, पण मग त्याला राज्याबाहेर विक्री करता येत नाही, आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही. बंगळुरूचा विक्रेता उंब्रजला विकू शकतो. उंब्रजचा हा दुकानदार निपाणीला विकू शकत नाही. एक देश, एक बाजार या घोषणेत रस्ता एकेरीच आहे.

आणि आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सर्वांना एकच दर म्हणजे समता, असा एक भ्रम या कराभोवती पसरवला गेला आहे. पुण्यातील एखादी नोंदणीकृत कंपनी व्यवसायासाठी तोच ४०,००० रुपयांचा लॅपटॉप घेते. तिने भरलेले ७,२०० रुपये तिला आपल्या देय करातून वळते करून घेता येतात. त्याखेरीज यंत्राच्या किमतीवर आयकरात ४० टक्के दराने घसारा मिळतो. उंब्रजची विद्यार्थिनी, तिला शिकवणारा तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, शेतीचे हिशेब ठेवणारा तरुण, यांच्याकडे जीएसटी क्रमांक नाही. त्यांना हे ७,२०० रुपये सबंध सोसावे लागतात. शास्त्राच्या भाषेत याला अंतिम ग्राहकावरील कर म्हणतात. व्यवहाराच्या भाषेत असे की, ज्याच्याकडे क्रमांक आहे त्याला परतावा आणि ज्याच्याकडे नाही त्याला भार. म्हणूनच ‘मित्राच्या फर्मच्या नावावर बिल करून घे’ हा सल्ला गावोगाव दिला जातो. तो बेकायदेशीर आहे, कारण वजावट फक्त व्यवसायासाठी घेतलेल्या मालावर मिळते. परंतु तो दिला का जातो, याचा विचार अर्थखात्याने करायला हवा. सोन्याच्या दागिन्यावर तीन टक्के कर आणि शिक्षणाच्या यंत्रावर अठरा टक्के, अशी ज्या समाजाची उतरंड आहे, त्यात लोकांनी आडवाटा शोधल्या तर नवल नाही.

यावर लॅपटॉपचा दर पाच टक्क्यांवर आणा, अशी मागणी सहज सुचते. मी तिचा पुरस्कर्ता नाही. सवलतीचा मोठा भाग लाखाचे लॅपटॉप घेणाऱ्यांच्या पदरात पडेल. शिवाय दर ठरतात जीएसटी परिषदेत, आणि तेथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश असून निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्राच्या संमतीवाचून पान हालत नाही. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये मोहित मिनरल्स खटल्यात म्हटले खरे, परंतु त्या निर्णयाच्या आधारे महाराष्ट्र एकटाच आपला दर बदलील, ही आशा करण्यात अर्थ नाही.

जे महाराष्ट्राच्या स्वतःच्या हाती आहे ते मागावे. राज्याने आपल्या वाट्याचे ३,६०० रुपये पहिला संगणक घेणाऱ्या गरजू विद्यार्थ्याला परत द्यावेत. यासाठी दर बदलायला नको, परिषदेला विचारायला नको. हा राज्याच्या खर्चाचा विषय आहे. हे अव्यवहार्य आहे, असे कोणी म्हणेल, तर त्याला विचारा की, राज्याच्या २०१९ च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत मोठ्या उद्योगांना प्रोत्साहनाचे अनुदान कशाच्या हिशेबाने दिले जाते? त्यांनी भरलेल्या राज्य वस्तू व सेवा कराच्याच हिशेबाने. कारखानदाराला तो परत देता येतो, त्याची यंत्रणा उभी राहते, त्याचे शासननिर्णय निघतात; मग शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्याला देताना तिजोरीची आठवण का व्हावी? अशा विद्यार्थ्यांची यादी सरकारकडे तयार आहे. महाडीबीटीवर त्यांचे उत्पन्नाचे दाखले आणि बँकखाती नोंदलेली आहेत. पुरावा म्हणून बिल, त्यावर विद्यार्थ्याचे नाव आणि महाराष्ट्राचा पत्ता. बिलावरच्या त्या एका ओळीचे महत्त्व मी इतका वेळ का सांगत होतो, ते आता ध्यानात येईल. तिच्यामुळे कर महाराष्ट्रात आला हे सिद्ध होते, आणि जो आला त्यातून परत देण्याचे दायित्वही ठरते. यामुळे बिगर बिलाच्या विक्रीलाही आपोआप चाप बसेल, कारण ज्याला ३,६०० रुपये परत मिळणार आहेत तो ग्राहक बिलाचा आग्रह धरणारच. दुकानातून घेतलेला आणि ऑनलाइन मागवलेला यांत भेद करू नये. तसा भेद केला तर व्यापारी बंधूंना आज बरे वाटेल, पण जेथे संगणकाचे दुकानच नाही अशा खोऱ्यातल्या मुलांवर तो अन्याय होईल. पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरचा विद्यार्थी सवलतीसाठी कराडपर्यंत हेलपाटे घालील, हे आपल्याला मान्य आहे काय?

दुरुपयोग होईल, हा आक्षेप मला ठाऊक आहे. एका विद्यार्थ्याला एकदाच, यंत्राच्या अनुक्रमांकाची नोंद करून आणि परताव्याला वरची मर्यादा घालून, एवढी खबरदारी पुरेशी आहे.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती आजच सभेआधी एका विद्यार्थ्याने माझ्या नजरेस आणली. त्याने नवा नव्हे, वापरलेला लॅपटॉप घेतला आहे, पंधरा हजारांना. दुकानदाराने तो एका कुटुंबाकडून बारा हजारांना घेतला असेल, तर नियमाप्रमाणे कर फक्त मधल्या तीन हजारांच्या फरकावर, म्हणजे ५४० रुपये. त्यात राज्याचे २७०. कराचा परतावा या तत्त्वाने गेलो, तर नवा घेणाऱ्याला ३,६०० आणि जुना घेणाऱ्याला २७०, असा उलटा न्याय होईल. तेव्हा वापरलेला संगणक घेणाऱ्यासाठी कराचा हिशेब बाजूला ठेवून एक ठरावीक रक्कम द्यावी लागेल. ती मी दोन हजार रुपये सुचवतो. पुढच्या अर्थसंकल्पापूर्वी आपल्या आमदारांना द्यायच्या निवेदनात हे कलम वेगळे घालावे, असे मी अध्यक्षांना सांगितले आहे. निवेदनाचा मसुदा व्यासपीठाशेजारच्या टेबलावर ठेवलेला आहे. ज्यांना त्यात भर घालायची असेल त्यांनी सभा संपल्यावर ती लेखी द्यावी.